दात्याचा अर्थ

मेंदू वाचणाऱ्या मस्तकवेधक यंत्राच्या पांढऱ्या कड्याखाली बसून उर्मिला डोईफोडे पडद्यावरचे इंग्रजी शब्द वाचत होती. सी आणि एच या दोन अक्षरांनी सुरू होणारे. चेस्ट. केऑस. शेफ. चेंबर. कॅझम. शॅले. प्रत्येक शब्दाचा उच्चार, मग लगेच इंग्रजीतच त्याचा अर्थ, आणि पुढचा शब्द. कुठे अडखळणं नाही की चाचपडणं नाही. पहिली दोन अक्षरं तीच, पण एकदा त्यांचा च होतो, एकदा क, एकदा श. का होतो, ते विचारायची सोय नाही. इंग्रजी भाषेचा कारभारच तसा.

चार महिन्यांपूर्वी हीच मुलगी केऑसला 'चाओस' म्हणत होती. नऊ वर्षं अतिदक्षता विभागात काढलेली, सुईला शीर सापडत नसली की डॉक्टर जिला हाक मारतात अशी परिचारिका. पण परदेशातल्या रुग्णालयाच्या भाषापरीक्षेत तीनदा आपटली. उच्चार वाईट, शब्दसंपत्ती अपुरी, असा शेरा. मग तिला पुण्यातल्या पाषाणच्या या संशोधन केंद्राची जाहिरात दिसली आणि ती बत्तिसावी स्वयंसेवक म्हणून दाखल झाली.

"दोनशे चाळीसपैकी दोनशे चाळीस," निरंजन कुलथे पडद्याआडून म्हणाला. वेधकाचं सगळं यंत्रशास्त्र त्याचं. "मॅडम, रोपणानंतर चाळिसाव्या दिवशी एवढा निकाल अजून कुणाचाच नव्हता."

डॉ. वैजयंती सबनीस खूश झाल्या. मेंदूत थेट शब्द बसवायचं शब्दरोपण ही त्यांची कल्पना, त्यांची वीस वर्षांची मेहनत. त्यांनी अर्जावर पेन टेकवून नेहमीचा प्रश्न विचारला, "काही त्रास वगैरे?"

"नो मॅडम, एव्हरीथिंग इज फाइन. फक्त कधी कधी थोडं स्ट्रेंज फील होतं."

"ते होणारच गं. इतके शब्द एकदम डोक्यात गेलेत." आणि त्यांनी 'त्रास नाही' असं लिहून सही केली. झालं. चारशे पानांची कार्यपद्धती, तिच्यातलं शेवटचं पान भरलं. पुढल्याच आठवड्यात उर्मिलानं परदेशाची परीक्षा दिली असती, पास झाली असती, आणि महिन्याभरातलं विमानाचं तिकीटही आलं असतं तर आपल्याला सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

पण त्याआधीच, चौथ्या दिवशी सकाळी, फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. एक आंधळी म्हातारी आलीय, हटून बसलीय, आणि तिनं उर्मिला सिस्टरांचं मनगट गच्च धरून ठेवलंय.

गयाबाई डोईफोडे नांदेडकडच्या. काचबिंदूनं डोळे गेले तशी लेकीनं त्यांना पुण्यात आणलं होतं, वडगावातल्या भाड्याच्या खोलीत. चाळीस दिवस उर्मिला केंद्राच्या वसतिगृहात होती, तेव्हा शेजारणीनं त्यांचं केलं. आता त्या वैजयंतीबाईंच्या खोलीत खुर्चीच्या टोकाशी बसल्या होत्या. चेहरा आवाजाच्या दिशेला, बोटं अजून लेकीच्या मनगटावर.

"डॉक्टरीणबाई, माझी लेक अशी नव्हती," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिला काय केलं?"

"काय झालं आजी? नीट सांगा बरं."

"तिला माझं बोलणं कळंना. हूं हूं करती अन् दडवती. म्हणलं केर काढला का गं? तर म्हणती, हो माय. अन् केर तसाच, माझ्या पायाला लागतोय. मला दिसत नाही म्हणून काय समजत बी नाही व्हय? मग मी मुद्दाम इचारलं, कोंबडं अंडं देतं का गं? तर म्हणती, हो माय!"

निरंजनला हसू आलं. वैजयंतीबाईंनी डोळे वटारले.

"हसा, हसा," गयाबाई म्हणाल्या. "काल दूध ठिवलं होतं. म्हणलं, शेगडी बंद कर बाई. हो माय, म्हणली अन् बाहीर कपडे वाळत घालाया गेली. दूध उतू गेलं, जाळ इझला, ग्यास तसाच. मी एकली घरात. मला वास आला म्हणून वाचले. न्हाई तर आज मी हितं आले नसते."

 उर्मिला खाली मान घालून रडत होती.

"उर्मिला, खरं आहे हे?"

"मॅडम, आय स्वेअर, मला माहीत नव्हतं," उर्मिला म्हणाली. "माय काहीतरी म्हणते, साउंड ओळखीचा वाटतो, पण मीनिंग येतच नाही. मग तिला वाईट वाटू नये म्हणून मी हो म्हणते. तिला काही सांगायला गेले तर तोंडात इंग्लिशच येतं. अन् ते तिला येत नाही. मॅडम, माय आंधळी आहे. मी तिला खुणा करून दाखवू शकत नाही. बोलणं सोडून आमच्याकडे दुसरं काहीच नाही."

वैजयंतीबाईंना पहिल्यांदा वाटलं ते असं, की मुलीच्या मनावर ताण आलाय, दुसरं काही नाही. कुणाही शास्त्रज्ञाला आपल्या यंत्राआधी माणसाचाच दोष दिसतो. त्या निरंजनला म्हणाल्या, "हिची मराठीची चाचणी घेऊन टाक."

"कोणती चाचणी?"

"म्हणजे?"

"आपल्याकडे मराठीची चाचणीच नाही, मॅडम. रोपणाआधी इंग्रजी, रोपणानंतर इंग्रजी. चाळीस दिवसांनी पुन्हा इंग्रजी. मराठी तपासायची असं कुणाच्या मनातच आलं नाही."

आणि कसं येणार? मातृभाषा ती. ती कुठे जाते? घरचं माणूस घरातच असणार, त्याची हजेरी कोण घेतो? चारशे पानं लिहिणाऱ्या अकरा विद्वानांपैकी एकाच्याही डोक्यात ही शंका आली नाही. सगळे मराठी, हेच त्याचं कारण.

शेवटी चाचणी गयाबाईंनीच घेतली. त्या घरातली एकेक वस्तू उच्चारत गेल्या, उर्मिला अर्थ सांगत गेली, निरंजन टिपत गेला. तास झाला. टिपणाकडे बघता बघता निरंजनचा चेहरा बदलत गेला.

"भांडं कळतं, पातेलं कळत नाही," तो हळूच म्हणाला. "घागर कळते, कळशी कळत नाही. भाकरी, धान्य, खाट, घोंगडी, सगळं शाबूत. पोळी, पीठ, केर, शेगडी, पदर, सगळं गेलं. मॅडम, तुमच्या लक्षात येतंय का?"

वैजयंतीबाईंच्या लक्षात आलं होतं. 

"मला बी सांगा की," गयाबाई म्हणाल्या. "माझ्याच लेकीचं चाललंय."

निरंजन त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसला. "आजी, आपल्या डोक्यात शब्द असतात ना, ते अर्थाप्रमाणे ठेवलेले नसतात. सुरुवातीच्या आवाजाप्रमाणे ठेवलेले असतात. मी नुसतं 'शे' म्हटलं की तुमच्या डोक्यात 'शे'चा कप्पा उघडतो. शेत, शेण, शेगडी, शेजारीण, सगळे शब्द एकदम तयार होऊन बसतात. मी पुढे 'गडी' म्हटलं की बाकीचे मागे सरतात, शेगडी पुढे येते. हे इतक्या झपाट्यानं होतं की आपल्याला कळतही नाही. त्याला आम्ही आद्यध्वनी-कप्पा म्हणतो."

"बरं मग?"

"आम्ही उर्मिलाला इंग्रजी शब्द दिले ते या कप्प्यांतूनच. एकेका अक्षरजोडीचा एकेक संच, असे चौसष्ट संच. त्यांच्यातला 'शेफ' नावाचा शब्द कुठे जाणार? 'शे'च्याच कप्प्यात. शेगडीच्या शेजारी. इंग्रजीला आणि मराठीला मेंदूत वेगळी खोली नसते."

"मग दाटी झाली म्हणून माझी शेगडी बाहीर फेकली?"

"दाटीनं नाही. जागा भरपूर असते. पण रोपण केलं की तो कप्पा चाळीस दिवस ओला असतो, ताज्या गिलाव्यासारखा. त्या दिवसांत जे शब्द वापरात राहतात ते पक्के होतात. जे वापरले जात नाहीत ते पुसट होतात. इंग्रजीत ख नाही, घ नाही, भ नाही. त्या कप्प्यांना आम्ही हात लावला नाही, म्हणून भाकरी वाचली."

"अन् माय?" गयाबाईंनी विचारलं. "म तर हाय की इंग्रजीत. मला माय तर म्हणती ती."

उर्मिलाच बोलली. "ते मी रोज मनात म्हणत होते," ती म्हणाली, "रोज."

गयाबाईंनी तिचं मनगट सोडलं आणि तिचा हात हातात घेतला.

आता चाळीस दिवस मराठी का वापरली गेली नाही, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारायची गरजच नव्हती. वसतिगृहाच्या दारावर पाटी होती: आत फक्त इंग्रजीत बोलावे. पाटीसुद्धा इंग्रजीतच. फोनवर घरच्यांशीही इंग्रजीतच बोलायचं, नाहीतर बोलायचं नाही. गयाबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून उर्मिलानं चाळीस दिवस इंग्रजी समजणाऱ्या शेजारणीमार्फत निरोप पाठवले होते.

"निरंजन, तो नियम," वैजयंतीबाईंनी विचारलं, "रोपण पक्कं व्हायला किती दिवस लागतात?"

"दहा. नियमाची काही गरज नव्हती, मॅडम. मी तेव्हाच म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, सवय लागायला पाहिजे."

म्हणाल्या होत्या खऱ्या. त्यांच्या स्वतःच्या शाळेत मराठीत बोलणाऱ्या मुलीला बाकावर उभं करत. वैजयंती सबनीस त्या बाकावर उभ्या राहून राहून इंग्रजी शिकल्या आणि मोठ्या झाल्या. आपण ज्या वाटेनं आलो तीच वाट बरोबर, असं माणूस धरून चालतो. यंत्रानं मागितला नव्हता असा एक नियम त्यांनी आपल्या पदरचा घातला आणि या पोरीची भाषा त्यात गेली.

"पण आधीच्या एकतीस जणांचं काय?" त्या एकदम म्हणाल्या. "त्यांच्यातल्या कुणीच कसं काही म्हटलं नाही?"

निरंजन यंत्राकडे वळला. त्यानं त्या सगळ्यांच्या रोपणानंतरच्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण लावलं. पुण्यातली, मुंबईतली, ठाण्यातली शिकलेली मुलं. 'अरे, मॉर्निंगपासून खूप टायर्ड फील होतंय, पण ओव्हरऑल एक्स्पीरियन्स मस्त होता. आईला पण प्राउड वाटतंय.' एकामागून एक, एकतीस मुलाखती. प्रत्येक मुलाखतीच्या खाली शेरा: मराठी संभाषण स्वाभाविक. सही, वैजयंती सबनीस.

"त्यांचेही शब्द गेलेत," निरंजन म्हणाला. "फक्त त्यांच्या घरी कुणाला पत्ता लागला नाही. घरचेही तसंच बोलतात. आपणही तसंच बोलतो. म्हणून आपल्याला ते स्वाभाविक वाटलं."

वैजयंतीबाईंनी ध्वनिमुद्रण बंद केलं. त्यांना मनापासून लाज वाटली.

उपाय होता. रोपणानं पुसट झालेल्या शब्दाचा ठसा रोपणापासून साठ दिवस राहतो. तेवढ्यात कुणा मराठी माणसाच्या डोक्यातल्या शब्दांचा नकाशा घेऊन त्या ठशांवर पुन्हा रोपण केलं, की शब्द परत येतात. साठानंतर ठसाच उरत नाही. आज चव्वेचाळिसावा दिवस होता. हाताशी सोळा दिवस.

"शब्द देणारा दाता बाहेरून आणायचा तर नीतिसमितीची परवानगी लागेल," निरंजन म्हणाला. "त्यात दीड महिना जाईल. परवानगीशिवाय चालतात ते फक्त केंद्राचे कर्मचारी किंवा रक्ताचे नातेवाईक."

"मग माझाच घे," वैजयंतीबाई म्हणाल्या. "माझं मराठी चांगलं आहे. सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी मीच भाषण करते."

दुपारी त्या कड्याखाली बसल्या. निरंजननं शब्द ऐकवले, नकाशा काढला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"बोल की. असा का बसलास?"

"मॅडम, चालणार नाही."

"का?"

"दात्याचा शब्द निदान साठ टक्के ठळक लागतो. तुमचे पुष्कळसे तीसच्या खाली आहेत. कासावीस, काकुळती, सल, पोरका, चुटपूट. हे तुम्हाला कधीतरी येत होते, ठसे आहेत. पण आता नुसते ठसेच आहेत. ऐकल्यावर ओळखीचे वाटतात. अर्थ मात्र मागच्या मागेच राहतो."

"पण माझ्यावर रोपण कुठे झालंय!"

"नाही झालं. उर्मिलाला चाळीस दिवस लागले, तुम्हाला चाळीस वर्षं. एवढाच फरक."

मग निरंजन स्वतः बसला. मग बाकीचे नऊ जण, एकेक करून. संध्याकाळपर्यंत अकराही नकाशे पडद्यावर होते, आणि अकराही नापास. एकानं विनोद केला, की आपल्या सगळ्यांनाच दाता शोधायला हवा. कुणी हसलं नाही. तो स्वतःही हसला नाही.

दुसऱ्या दिवशी, रक्ताच्या नातेवाईक म्हणून, गयाबाई कड्याखाली बसल्या. डोळ्यांची तिथे गरज नव्हती; शब्द म्हणायचा, त्याच्याशी जे मनात येईल ते येऊ द्यायचं, एवढंच काम.

सुरुवात करण्याआधी निरंजननं त्यांना एक गोष्ट सांगितली. सांगणं त्याचं कर्तव्यच होतं. "आजी, शब्दाबरोबर दात्याचा अर्थ येतो. शब्दकोशातला नाही, दात्याचा. उर्मिलाला जे इंग्रजी दिलं ते एका परदेशी शिक्षकाच्या नकाशातून. त्यांना लहानपणी कुत्रं चावलं होतं. आता उर्मिलाला कुत्रा म्हटलं तर काही वाटत नाही, पण डॉग म्हटलं की छातीत धडधडतं. हो ना, उर्मिला?"

उर्मिलानं मान हलवली. चारशे पानांत याची नोंद होती, 'किरकोळ' या सदराखाली.

"म्हणजे माझे शब्द माझ्यासकट जायचे," गयाबाई म्हणाल्या. "जाऊ द्या की. माझ्यापाशी काय वंगाळ हाय? हयातभर कष्टच केलेत, चोरी तर नाही केली."

तीन दिवस त्या बोलत होत्या. वैजयंतीबाई समोर बसून विचारत होत्या, कारण कुणीतरी विचारल्याशिवाय माणसाला शब्द आठवत नाहीत. क, की, कु, के. प, पा, पि. कधी गयाबाई हसायच्या, कधी एखाद्या शब्दापाशी थांबून पदरानं डोळे पुसायच्या. वैजयंतीबाईंना अर्धं कळत नव्हतं. त्या तसं सांगायच्या, आणि गयाबाई त्यांना लहान मुलीला समजवावं तसं समजावून द्यायच्या. एकदा म्हणाल्या, "तुम्हाला आई नव्हती का बाई?" वैजयंतीबाई म्हणाल्या, "होती. तिच्याशी इंग्रजीत बोलायचे मी. तिला अभिमान वाटायचा." गयाबाईंनी पुढचा शब्द घेतला.

एक्कावन्नाव्या दिवशी पुनर्रोपण झालं. छप्पन्नाव्या दिवशी चाचणी. या वेळी शब्द मराठी होते.

"केर."

"लोटायचा असतो. मायच्या पायाला लागला की ती बोलती," उर्मिला म्हणाली आणि खुदकन हसली. गयाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. लेकीचं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा फुलला होता.

"शेगडी."

"दूध ठिवलं की हितून हलायचं नाही."

"काठी."

"डोळे." उर्मिला गोंधळली. "नाही, म्हणजे, लाकडाची. हातात धरायची. पण पहिल्यांदा डोळेच आलं मनात."

निरंजननं दात्याच्या नकाशाशी ताडून पाहिलं. "बरोबर आहे. आजींच्या काठीचा तोच अर्थ आहे. जुळतं."

पातेलं आलं, पदर आला, कळशी आली. पोरकं हा शब्द आला तेव्हा उर्मिलानं मायकडे पाहिलं आणि अर्थ नेमका सांगितला. इंग्रजीचे शब्दही तपासले, तेही जागेवर होते. दोन्ही भाषा एकाच कप्प्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोन्ही बोलत राहायच्या, रोज मायला फोन करायचा, बस, एवढंच पथ्य. वैजयंतीबाईंना वाटलं, सुटलो. दारावरची पाटी त्यांनी आठवड्यापूर्वीच स्वतःच्या हातानं काढली होती. उर्मिलाची परीक्षा मधल्या दिवसांत झाली होती, ती चांगल्या गुणांनी पास झाली होती. आठ दिवसांनी विमान होतं. मायची सोय नांदेडला भावाकडे लागली होती.

"झालं बाई एकदाचं," गयाबाई उठल्या, चाचपडत लेकीपाशी आल्या आणि तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले. "लई जीव घाबरा केला होता पोरी तू माझा. आता मला काही नको. आता बिनघोर जा."

 उर्मिलानं मायचे हात धरले आणि गालांवरून खाली घेतले.

"माय, असं म्हणू नको."

"काय म्हणलं मी? बिनघोर जा म्हणलं. माझी फिकीर करू नको, एवढंच."

"नाही," उर्मिला म्हणाली.  "तसा अर्थ नाही त्याचा."

निरंजननं सवयीनं यादी चाळली. शब्द यादीत होता, 'बि'च्या संचात. चाचणीत विचारायचा राहिला होता. "अर्थ सांग," तो म्हणाला. त्याला काय माहीत!

उर्मिला मायकडे बघत सांगू लागली. "अण्णा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला निघाले तवा माय हे म्हणली. ते परत आलेच नाहीत. दादा शिकायला गेला तवा म्हणली. मी नर्सिंगला निघाले तवा म्हणली. एसटी फाट्यावरून वळली की माय उंबऱ्यात बसायची. त्या दिवशी चूल पेटायची नाही. दुसऱ्या दिवशी बी नाही.  ओरडावं वाटायचं, पळत जाऊन गाडी धरावी वाटायची. पण जाणाऱ्याला कळता कामा नये. कळलं तर तो जाणार नाही." ती वैजयंतीबाईंकडे वळली. "मॅडम, याचा अर्थ जाऊ नको असा आहे. तू गेलीस तर मी राहायची नाही, पण ते तुला सांगायची नाही, असा आहे. मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी हा शब्द ऐकून निघत होते अन् मला वाटायचं, मायला काही वाटत नाही."

वैजयंतीबाईंनी निरंजनकडे पाहिलं. त्यानं मायलेकींचे दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले होते. तो म्हणाला, "जुळतं. पूर्ण जुळतं."

गयाबाई ताठ उभ्या होत्या. आंधळ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण बोलल्या त्या रागानंच. "ते कशाला बाहीर काढलं? ते माझं होतं. कुणाला दाखवायसाठी नव्हतं ते."

"माय..."

"गप. तुला जायाचं हाय. तीनदा नापास झालीस, रडरड रडलीस, मी ऐकलंय. माझ्यासाठी थांबलीस तर मला ते सोसायचं नाही. नीट ऐक. मजेत जा." त्यांनी आवाज हलका केला. "निवांत जा. मी बरी हाय. सुखानं जा पोरी."

प्रत्येक शब्दाला उर्मिला अंग आकसून घेत होती. सगळे शब्द परत आलेले. सगळे एकाच दात्याचे. पडद्यावर एकामागून एक कप्पे उजळत होते आणि निरंजननं शेवटी पडदाच बंद केला.

"तेवढे शब्द काढून घ्या," गयाबाई वैजयंतीबाईंच्या दिशेला वळल्या. "एवढं यंत्र हाय तुमचं."

"शब्द काढता येतील, आजी," वैजयंतीबाई म्हणाल्या. "पण तिला जे कळलंय ते नाही काढता येणार."

"मग मी हिला घालवू कशी हो?" गयाबाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्या लेकीला बोलतं केलं, तुमचे उपकार मी इसरायची नाही. पण आता मला तिच्यासंगं खोटं बोलता येईना. अन् खोटं बोलल्याबिगर कोणती आई लेकराला एवढं लांब धाडती?"

 गयाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"तुम्ही सांगा तिला," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दांत सांगा. माझं बोलणं तिला लागतं. तुमचं लागायचं नाही."

वैजयंतीबाई उर्मिलासमोर आल्या. या मुलीला निरोप द्यावा, धीर द्यावा, क्षमाही मागावी, असं सगळं त्यांच्या मनात दाटून आलं. खरंच आलं. त्यांनी त्यासाठी एक मराठी शब्द शोधला. एखादा साधा, आपला. मग दुसरा शोधला. काहीतरी होतं, ओळखीचं, जिभेच्या मागे कुठेतरी, आणि हाताला लागत नव्हतं. सगळे वाट पाहत होते. त्यांनी उर्मिलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"टेक केअर, उर्मिला," त्या म्हणाल्या. "ऑल द बेस्ट."

उर्मिलानं ते ऐकलं. या शब्दांत कुणीच उंबऱ्यात बसलेलं नव्हतं, कुणाची चूल विझलेली नव्हती. तिला ते अगदी सहज ऐकता आलं. तिनं डोळे पुसले, मान हलवली आणि म्हणाली, "थँक यू, मॅडम."

"काय म्हणल्या गं?" गयाबाईंनी विचारलं.

"जा म्हणल्या, माय," उर्मिला म्हणाली.